पेशंटचं वजन कोणी केलंय का? दवाखान्यातलं जेवण, उपास आणि त्यावरचं संशोधन

रानजाई

नमस्कार मंडळी. मी एका जिल्ह्याच्या गावातल्या ट्रस्टच्या दवाखान्यात आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. वजन कमी करण्यावर, डायबेटिसवर इथे ढिगाने धागे आहेत, पण आजारपणात दवाखान्यात पडल्या पडल्या ज्यांचं वजन उतरतं त्यांच्याबद्दल कोणी लिहीत नाही आणि मला ते रोज दिसतं, म्हणून हा धागा.

आमच्या मेडिकल वॉर्डातला कुठलाही केसपेपर उघडा. बीपी, नाडी, ताप, ऑक्सिजन, लघवी किती झाली, सगळं चार चार तासांनी लिहिलेलं असतं. वजनाच्या रकान्यात मात्र आडवी रेघ, का तर पेशंटला उभं राहता येत नाही. आणि दुपारी एकला जेवण येतं, दोन पोळ्या, भाजी, वरण, भात, पावणेदोनला मावशी ताटं गोळा करतात, त्यात काय उरलं ते कुठेही लिहिलं जात नाही. मागे एक आजी होत्या, न्यूमोनिया झालेला, ताट रोज भरलेलं परत जायचं आणि फाईलमध्ये "भूक कमी" एवढंच. जवळ बसून विचारलं तर म्हणाल्या, बाळा माझी कवळी घरी राहिलीये, पोळी चावायची कशी. नातवाने संध्याकाळी कवळी आणली, तोपर्यंत मऊ भात, दाट वरण, तूप, दुधात कुस्करलेली पोळी असं सुरू केलं आणि आजी जेवायला लागल्या. कुठलंही औषध लागलं नाही.

आता कोणी म्हणेल हे सगळं मायेचं बोलणं झालं, यात संशोधन कुठे आहे. तर आहे, आणि चांगलं भक्कम आहे. स्वित्झर्लंडमध्ये ८ हॉस्पिटलांत 'एफर्ट' नावाची ट्रायल झाली, २०१९ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आली, फिलिप शूएट्झ हे त्याचे प्रमुख. साध्या मेडिकल वॉर्डातले २०८८ पेशंट, सगळे कुपोषणाचा धोका असलेले. चिठ्ठी टाकावी तसे दोन गट पाडले, एका गटाला हॉस्पिटलचं नेहमीचं जेवण, दुसऱ्या गटात भरती झाल्यापासून ४८ तासांच्या आत आहारतज्ज्ञाने प्रत्येकाचं कॅलरी आणि प्रोटीनचं टार्गेट काढलं, जेवण त्याप्रमाणे बदललं, मधलं खाणं वाढवलं, लागलं तर सप्लिमेंट दिलं, आणि दर एक-दोन दिवसांनी टार्गेट गाठलं का ते पाहिलं. ३० दिवसांत नेहमीच्या जेवणाच्या गटात १० टक्के पेशंट दगावले, दुसऱ्या गटात ७ टक्के. म्हणजे साधारण ३७ जणांना असं नीट खाऊ घातलं तर एक जीव वाचतो. एवढा फरक पाडणारी महागडी औषधं आपण डोळे झाकून विकत घेतो हो!

एक गोष्ट मला यात सगळ्यात महत्त्वाची वाटते. या ट्रायलमध्ये जादूची पावडर नव्हती. कोणीतरी दर एक-दोन दिवसांनी येऊन पाहत होतं की पोटात खरंच किती गेलं. माझं म्हणणं तेवढंच आहे, की भरतीच्या दिवशी वजन करा आणि रोज ताटात काय उरलं ते लिहा. उभं राहता येत नसेल तर खुर्चीचा काटा मिळतो, तोही नसेल तर दंडाचा घेर टेपने मोजून लिहून ठेवा, आठवड्याने पुन्हा मोजा.

आणि नातेवाईकांचा मोठा गैरसमज सलाईनचा. "सलाईन चालू आहे ना, मग ताकद मिळतेय." अहो नॉर्मल सलाईन म्हणजे मिठाचं पाणी, त्यात शून्य कॅलरी. ग्लुकोजची ५ टक्केवाली अर्ध्या लिटरची बाटली असेल तर त्यात २५ ग्रॅम ग्लुकोज, म्हणजे ८५-१०० कॅलरी, एका पोळीएवढ्या, आणि प्रोटीन काहीच नाही. ५० किलोच्या माणसाला दिवसाला साधारण १२५० ते १५०० कॅलरी आणि ६० ग्रॅमच्या आसपास तरी प्रोटीन लागतं. आता चार बाटल्यांचा हिशोब तुम्हीच करा.

तुमचे अनुभव लिहा, प्रश्न विचारा, जमेल तसं उत्तर देते.

घाटमाथा

फार गरजेचा धागा, वाचनखूण साठवली. माझा प्रश्न ऑपरेशनच्या उपासाचा. वडिलांचं पित्ताशयाचं ऑपरेशन होतं, वय ७१, आदल्या रात्री सांगितलं बारापासून पाण्याचा थेंबसुद्धा नाही, आणि सकाळी लिस्टमध्ये वरती दोन केसेस घुसल्या त्यामुळे यांचा नंबर लागला दुपारी साडेतीनला. तोंड सुकलेलं, सारखं पाणी मागत होते, सिस्टरांना विचारलं तर एनबीएम (तोंडाने काहीच द्यायचं नाही) आहे म्हणाल्या, काही देऊ नका. हे इतकं कडक खरंच लागतं का?

निवडुंग

मी भूलतज्ज्ञ आहे, याचं उत्तर देतो. उपास लागतोच, कारण भुलीत गिळण्याची आणि खोकल्याची ताकद जाते, पोटातलं वर येऊन फुप्फुसात गेलं तर जिवावर बेततं. पण किती तास हे ठरलेलं आहे: हलकं जेवण ६ तास आधीपर्यंत, आणि पाणी, साखरपाणी, दुधाशिवायचा चहा, गाळलेला रस असं स्वच्छ पातळ २ तास आधीपर्यंत. अमेरिकन आणि युरोपियन दोन्ही गाईडलाइन्स हेच सांगतात आणि वर्षानुवर्षं सांगतायत. बारापासून थेंब नाही ही पद्धत जुनी, ती टिकून राहिली कारण सगळ्या वॉर्डला एकच ऑर्डर देणं सोपं जातं.

अपवाद आहेत आणि ते लक्षात ठेवा. आतडं अडलंय, इमर्जन्सी आहे, गरोदर बाई आहे, बऱ्याच वर्षांच्या डायबेटिसने पोट हळू रिकामं होतंय, जळजळीचा मोठा त्रास आहे, अशांचं वेगळं ठरवावं लागतं. तुमच्या वडिलांसारख्या ठरवून केलेल्या ऑपरेशनला मात्र नंबर खाली गेल्याचं कळताच "आता पाणी देऊ का, भूलतज्ज्ञांना विचारून सांगा" असं म्हणायला काहीच हरकत नाही, उलट म्हणाच. मोठ्या आतड्याच्या ऑपरेशनमध्ये तर हल्ली २ तास आधी साखरेचं पेय मुद्दाम देतात आणि ऑपरेशननंतरही आतड्याचा आवाज येईपर्यंत थांबत बसत नाहीत, लवकर तोंडाने सुरू करतात. डेन्मार्कच्या हेनरिक केलेट यांनी ९०च्या दशकात ही लाईन धरली, आता तो जगभरचा प्रोटोकॉल झालाय.

आयसीयूवाला

रानजाई, धागा उत्तम, पण एक महत्त्वाची पुरवणी जोडतो नाहीतर लोक हे वाचून उद्या आयसीयूच्या दारात भांडायला येतील. एफर्ट ट्रायल साध्या वॉर्डातली आहे. व्हेंटिलेटरवरच्या, शॉकमधल्या (बीपी पार कोसळलेल्या) पेशंटचं गणित वेगळं.

आम्हालाही आधी वाटायचं की पहिल्याच दिवसापासून पूर्ण कॅलरी गेल्या पाहिजेत, तोंडाने नाही तर शिरेतून. बेल्जियममध्ये ल्यूव्हनच्या ग्रेटा व्हान डेन बेर्गे यांच्या टीमने ४६४० पेशंटवर ते तपासलं, २०११ साली आलं. ज्यांना शिरेतलं पोषण उशिरा, आठव्या दिवसापासून दिलं ते लवकर बरे होऊन बाहेर पडले आणि त्यांना इन्फेक्शनही कमी झालं. मग २०२३ मध्ये फ्रान्सची ट्रायल, ३०४४ पेशंट, पहिल्या आठवड्यात एका गटाला वजनाच्या दर किलोला दिवसाला फक्त ६ कॅलरी आणि दुसऱ्याला २५. मृत्यू सारखेच, पण कमी कॅलरीवाले आयसीयूतून बाहेर पडायला लवकर तयार झाले. प्रोटीनचंही तेच, किलोला २.२ ग्रॅम विरुद्ध १.२ ग्रॅम असं १३०० पेशंटमध्ये तुलना केली, जास्तीचा फायदा नाही आणि किडनी बिघडलेल्यांत उलट नुकसानीची शक्यता दिसली.

कारण असं की पहिल्या काही दिवसांत शरीर स्वतःचाच स्नायू मोडून साखर करत असतं आणि बाहेरून दिलं तरी ते थांबत नाही, वरून दिलेलं फक्त जास्तीचं होतं. त्यामुळे "डॉक्टर, बाबा चार दिवस उपाशी आहेत, काहीतरी जोरदार चालू करा" असं म्हणणाऱ्या मुलाची तळमळ मला समजते, रोज समोर बघतो, पण थोडं थोडं नळीने सुरू ठेवणं आणि हळूहळू वाढवणं हाच त्या दिवसांतला योग्य आहार आहे.

वैदर्भी

मग आम्ही सामान्य माणसांनी समजायचं काय? ताई म्हणतात खाऊ घाला, दादा म्हणतात घाई नको. आमच्याकडे नागपूरला नात्यात एक काका दारू आणि उपासमारीने अगदी हाडाचा सापळा होऊन भरती झाले होते, घरच्यांनी पहिल्याच दिवशी शिरा, केळी, ग्लुकोजचं पाणी, जे मिळेल ते दिलं आणि तिसऱ्या दिवशी त्यांना धाप लागून आयसीयूत न्यावं लागलं. डॉक्टर म्हणाले खाण्याने झालं. आम्हाला पटेचना.

रानजाई

@वैदर्भी, डॉक्टरांनी बरोबर सांगितलं. याला रीफीडिंग सिंड्रोम म्हणतात. दुसऱ्या महायुद्धानंतर सुटलेल्या उपाशी कैद्यांना पोटभर जेवण दिलं तेव्हा काही जण त्या जेवणानंतरच गेले, तेव्हा हे पहिल्यांदा नीट नोंदवलं गेलं. बरेच दिवस उपाशी राहिलेल्या शरीरात फॉस्फरस, पोटॅशियम, मॅग्नेशियम आणि बी-१ जीवनसत्त्वाचा साठा संपत आलेला असतो. एकदम साखर-भात आत गेला की इन्सुलिन वाढतं, रक्तात उरलंसुरलं फॉस्फरस पेशींमध्ये ओढलं जातं, आणि फॉस्फरसशिवाय हृदय आणि श्वासाचे स्नायू चालत नाहीत. म्हणून आधी थायमिनचं, म्हणजे त्या बी-१चं, इंजेक्शन, रक्त तपासणी, आणि सुरुवात किलोला १० कॅलरीपासून, फारच खंगलेला असेल तर ५ पासून, मग काही दिवसांत वाढवत न्यायचं. ब्रिटनच्या २००६च्या गाईडलाइनमध्ये हेच आकडे आहेत. दारू सोडवायला आलेले, कॅन्सरने आठवडेच्या आठवडे न जेवलेले, खूप दिवस उलट्या होणाऱ्या गरोदर बायका, यांना हा धोका जास्त.

@आयसीयूवाला, तुमचं पूर्ण मान्य आणि बरं झालं लिहिलंत. दोघांचं म्हणणं एकमेकांविरुद्ध नाहीये. कोणाला, कधी आणि किती हे पेशंट बघून ठरवायचं, आणि ठरवायचं म्हणजे कोणीतरी आधी बघायला तर पाहिजे. आयसीयूत निदान बघतात. तिथून वॉर्डात आला की नळी निघते, पेशंट दोन चमचे खातो आणि सगळ्यांना वाटतं जेवायला लागला. खरी गळती मला तिथे दिसते.

आयसीयूवाला

१००% सहमत. आयसीयूनंतरचे दोन आठवडे सगळ्यात दुर्लक्षित.

सिंधुदुर्गकर

माझ्या मामांना लिव्हर सिरॉसिस, म्हणजे लिव्हर कायमचं खराब झालेलं. मागच्या वर्षी गुंगी आल्यामुळे भरती केलं, तेव्हा सांगितलं की डाळ, अंडी, मासे सगळं बंद, प्रोटीनने रक्तातला अमोनिया वाढतो आणि त्याने गुंगी येते. मालवणी माणूस माशाशिवाय जेवणार काय, पेज आणि लोणच्यावर आले. पोट पाण्याने फुगलेलं आणि हातपाय काड्या झाले. नंतर रक्तातलं अल्ब्युमिन नावाचं प्रोटीन कमी आलं म्हणून महागडी प्रोटीन पावडर लिहून दिली. एकीकडे प्रोटीन बंद आणि दुसरीकडे पावडर, हे काय ते कळलं नाही.

रानजाई

सिंधुदुर्गकर, हे वाचून फार वाईट वाटलं कारण हा सल्ला अजूनही सर्रास दिला जातो आणि त्याने माणसं खंगतात. बार्सिलोनाच्या डॉक्टरांनी २००४ मध्ये लिव्हरमुळे गुंगी आलेल्या पेशंटांतच हे तपासलं, अर्ध्यांना सुरुवातीला प्रोटीन अगदी कमी आणि अर्ध्यांना पहिल्यापासून किलोला १.२ ग्रॅम. ट्रायल छोटी होती, ३० पेशंटची, पण गुंगी उतरण्यात काही फरक पडला नाही आणि कमी प्रोटीनवाल्यांचा स्नायू मात्र जास्त मोडला. आता युरोपियन लिव्हर संघटनेची गाईडलाइन स्पष्ट आहे, सिरॉसिसमध्ये किलोला १.२ ते १.५ ग्रॅम प्रोटीन द्या, गुंगी आली तरी बंद करू नका. स्नायू स्वतःच अमोनिया मुरवतो, तो गेला की उलट वाढतो.

दुसरं म्हणजे रात्री उपाशी झोपवू नका. खराब लिव्हरला साखरेचा साठा करता येत नाही, त्यामुळे यांच्या शरीरात एका रात्रीत तेवढी मोडतोड होते जेवढी धडधाकट माणसाची दोन-तीन दिवसांच्या उपासाने होईल. झोपायच्या आधी दूध-पोळी, उपमा, नाचणीची खीर, काहीतरी हवंच. मासे चालतील, फक्त सुकी मच्छी, खारवलेलं आणि लोणचं नको, कारण पोटात पाणी आहे आणि मीठ कमी ठेवायचंय. अंडी, डाळी, दही चालेल. तरी त्यांच्या डॉक्टरांना दाखवून घ्या.

अल्ब्युमिनबद्दल: ते लिव्हर बनवतं, म्हणून लिव्हर बिघडलं की कमी होतं, इन्फेक्शन आणि सूज असली तरी कमी होतं. अमेरिकेच्या पोषण संघटनेने स्पष्ट म्हटलंय की अल्ब्युमिनवरून कुपोषण ठरवू नका. पोषण कळतं ते वजन किती उतरलं, किती खाल्लं, स्नायू किती गेला यावरून. कानशिलापाशी खळगा पडलाय का, गळ्याखालची हाडं वर आलीयेत का, हाताची पकड सैल झालीये का, हे घरचा माणूससुद्धा बघू शकतो.

लंडनस्थ

मी इकडे एनएचएसमध्ये, म्हणजे ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत, नर्स आहे. इथे प्रत्येक पेशंटचा भरतीच्या वेळी 'मस्ट' नावाचा कुपोषणाच्या धोक्याचा स्कोअर काढावाच लागतो: बीएमआय (उंचीच्या मानाने वजन), मागच्या तीन ते सहा महिन्यांत आपोआप किती वजन गेलं, आणि आजारपणामुळे पाच दिवस काहीच न खाण्याची वेळ आलीये का. पाच मिनिटांचं काम. ज्यांना भरवायला माणूस लागतो त्यांचं जेवण बऱ्याच वॉर्डांत लाल ट्रेमध्ये येतं, म्हणजे लांबूनच कळतं की हा ट्रे नुसता ठेवून जायचा नाही. जेवणाच्या वेळी डॉक्टरांचे राउंड, तपासण्या शक्यतो ठेवत नाहीत. स्टाफ कमी असला की इथेही हे कोलमडतं, पण नियम आहे म्हणून निदान बोट दाखवता येतं. आपल्याकडे पेशंटपाशी कोणीतरी घरचं माणूस जवळजवळ नेहमी असतं, ही केवढी मोठी गोष्ट आहे, त्यालाच एक कागद दिला आणि अर्धं खाल्लं, पाव खाल्लं एवढं लिहायला सांगितलं तरी किती काम होईल.

पाणवठा

लंडनस्थ ताईंना +१. मी टीबीच्या कार्यक्रमात काम करतो, आमच्याकडचा पुरावा तर आपल्याच देशातला आहे आणि अभिमानाने सांगावा असा. झारखंडमधल्या चार जिल्ह्यांत डॉ. अनुराग आणि डॉ. माधवी भार्गव यांनी 'रेशन्स' नावाची ट्रायल केली, २०२३ मध्ये आली. २८०० पेशंट आणि त्यांच्या घरातली १० हजारांवर माणसं. पेशंटांना महिन्याला १० किलोचा शिधा: तांदूळ, डाळ, दूध पावडर, तेल, सोबत जीवनसत्त्वाच्या गोळ्या. अर्ध्या कुटुंबांत घरच्या बाकीच्यांनाही तांदूळ आणि डाळ दिली, तर त्या घरांत नवीन टीबी ३९ टक्क्यांनी कमी झाला. आणि पेशंटचं वजन पहिल्या दोन महिन्यांत ५ टक्के जरी वाढलं तरी मृत्यूचा धोका ६१ टक्क्यांनी कमी दिसला. ४० किलोच्या माणसाला ५ टक्के म्हणजे दोन किलो!

सरकारकडून निक्षय पोषण योजनेत २०१८ पासून महिन्याला ५०० रुपये मिळायचे, नोव्हेंबर २०२४ पासून १००० झालेत. ओळखीत कोणी टीबीचा पेशंट असेल तर खात्यात पैसे येतायत का ते आवर्जून विचारा, बँक खातं जोडलेलं नसलं की अडकतात.

चाफेकळी

रानजाईताई, सासूबाईंना पॅरालिसिसचा झटका आलाय, गिळता येत नाही म्हणून नाकात नळी घालून घरी सोडलंय. डिस्चार्ज कार्डवर फक्त "आरटी फीड (म्हणजे नाकातल्या नळीतून द्यायचं पातळ अन्न) दर २ तासांनी २०० एमएल" एवढंच आहे. मी वरणाचं पाणी, भाताची पेज, शहाळ्याचं पाणी, मोसंबीचा रस असं आळीपाळीने देतेय. तीन आठवड्यांत खूपच वाळल्यात. काय चुकतंय?

रानजाई

चाफेकळी, तुमचं काहीच चुकलेलं नाही, ज्यांनी सांगायला हवं होतं त्यांनी सांगितलं नाही. तुम्ही देताय त्यात पाणी भरपूर आणि अन्न फार थोडं आहे. दिवसात आठ वेळा २०० एमएल म्हणजे १६०० एमएल झालं. तेवढंच दाट फीड असेल, एका एमएलला एक कॅलरी, तर १६०० कॅलरी जातात. वरणाचं पाणी आणि शहाळ्याने त्याच्या पाव भागसुद्धा होत नाहीत. डाळीचं प्रोटीन खाली बसलेल्या डाळीत असतं, वरच्या पाण्यात नाही.

असं करा. मुगाची डाळ आणि तांदूळ मऊ शिजवून, दूध घालून, चमचाभर तेल घालून मिक्सरमधून अगदी गुळगुळीत काढा आणि बारीक गाळणीने गाळा, कण राहिला की नळी तुंबते. एका वेळी उकडलेलं अंडं चालत असेल तर तेही वाटून घाला. नाचणीचं सत्त्व दुधात, दह्याचं दाट ताक, असे दोन-तीन प्रकार ठेवा. पातळ करायला पाण्याऐवजी दूध वापरा. दिवसातली दोन-तीन फीड तयार फॉर्म्युल्याची ठेवली तर जीवनसत्त्वांची भर पडते, खर्च झेपत असेल तर. केलेलं फीड बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नका, फ्रीजमध्ये ठेवा आणि त्याच दिवशी संपवा. मात्र शुगर किंवा किडनीचा त्रास असेल तर हे बदलावं लागेल, तसं असेल तर इथे लिहा. आणि तीन आठवडे इतकं कमी गेलंय, म्हणून एकदम पूर्ण सुरू करू नका. वर रीफीडिंगचं लिहिलंय ते यांनाही लागू आहे, त्यामुळे डॉक्टरांकडून पोटॅशियम-फॉस्फरस तपासून घ्या आणि चार-पाच दिवसांत वाढवत न्या.

देताना डोकं आणि पाठ निदान ३० ते ४५ अंश वर हवी, आणि दिल्यावर अर्धा-पाऊण तास तशीच. नाकापाशी नळीवर पेनाने खूण करून ठेवा, खूण सरकलेली दिसली तर काहीही देऊ नका, सिस्टरला बोलवा. ५० सीसीच्या सिरिंजचा दट्ट्या काढून ती नळीला लावा, वर धरा आणि फीड आपोआप उतरू द्या, जोर लावून ढकलू नका. आधी आणि नंतर ३० एमएल साधं पाणी. नळी नको म्हणून कोणी घाईने तोंडातून चमचा-चमचा पाणी पाजायला लागलं तर थांबवा, गिळण्याची तपासणी करणारे स्पीच थेरपिस्ट असतात, त्यांना दाखवल्याशिवाय नाही. आणि नळी चार ते सहा आठवड्यांपेक्षा जास्त लागणार असेल तर पोटातून घालायच्या नळीबद्दल डॉक्टरांशी बोलून ठेवा.

चाफेकळी

ताई खूप खूप आभार, आजपासूनच बदलते. शुगर नाहीये, किडनीही ठीक आहे. अजून एक, बीपीच्या आणि पोटाच्या गोळ्या मी सगळ्या एकत्र कुटून फीडमध्येच मिसळून देतेय, ते चालतं ना?

रानजाई

नाही, ते आज बंद करा. फीडमध्ये मिसळलं की घट्ट होऊन नळी तुंबते आणि औषध किती गेलं तेही कळत नाही. प्रत्येक गोळी वेगळी कुटायची, थोड्या कोमट पाण्यात विरघळवून द्यायची, दोन औषधांमध्ये १०-१५ एमएल पाणी. आणि ज्या गोळीच्या नावापुढे एसआर, एक्सआर, सीआर असं काही आहे (म्हणजे औषध हळूहळू सुटणारी) किंवा जी वरून लेप दिलेली आहे ती कुटायची नाही, बीपीची असेल तर एकदम सगळं औषध सुटून बीपी धाडकन खाली येऊ शकतं. ॲसिडिटीच्या बऱ्याच गोळ्या लेपवाल्याच असतात. सगळ्या पाकिटांचे फोटो काढून डॉक्टरांना पाठवा आणि नळीतून द्यायला दुसरा प्रकार लिहून मागा, बहुतेकांना पर्याय मिळतो. वजन करता येणार नाही, म्हणून उद्याच त्यांच्या दंडाचा घेर मोजा, कोपर आणि खांदा यांच्या मधोमध, आणि तारखेसकट लिहून ठेवा. पंधरा दिवसांनी इथेच कळवा.